नावाने

मिरजेत, रविवारी दुपारी तीनला
चर्चमागच्या खोलीत दृढीकरणाचा वर्ग भरतो.
पाच मुलं, घरघरणारा एक पंखा, आणि मी,
सदतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई.
पाळकसाहेब डोळ्याच्या ऑपरेशनला गेलेत,
म्हणून महिनाभर बदली.

धडा चौथा : त्रैक्य.

दाखले संपवून बसलेय मी.
पाणी, बर्फ, वाफ चालत नाही,
त्यात एकच नट तीन सोंगं घेतो, असं होतं.
चुलीचे तीन दगडही नकोत.
पाळकसाहेबांनी जाताना बजावलंय :
बाई, सोपं करू नका, चुकतं.

मागच्या शनिवारी हरिपूरला नेलं मुलांना,
वारणा कृष्णेला भेटते तिथं.
काठावर भेळ खात अबीगेल म्हणाली,
पण ह्या दोनच आहेत.
आणि मला आठवलं, पुढे अंकलीच्या पुलाखाली
कुणाचं पाणी कुठलं, कोण सांगणार?
जुना मतांगीकार तर म्हणतो
मिसळायचं नाही, आणि तोडायचंही नाही.
परतीच्या एसटीत सगळी झोपली.

आज वह्या तपासायला घेतल्या.
नहेम्याने लिहिलंय :
'पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावांनी.'
लाल पेन सवयीनं उघडलं,
अनुस्वार उडवला, 'नी'चा 'ने' केला.

बाई, तिघं आहेत ना?
मग नावंही तीन. बरोबर आहे माझं.

बरोबरच होतं त्याचं.
जन्मभर असल्या अनुस्वारांचे अर्धे अर्धे गुण कापले मी
आणि हे वाक्य रोज रात्री म्हटलं,
कधी दिसलं नाही :
तीन षष्ठ्या रांगेनं येतात,
आणि पुढे तृतीया उभी, एकवचनी.

अबीगेलला जोर चढला.
आमचे पप्पा एकटेच, तरी आपण म्हणतो, पप्पा आले.
आणि देवाला, तिघं असून, तू आलास!
वर्ग हसला. मीही.
वाटलं, आज दाखला सापडला,
भाषेच्या घरातच होता, उगाच नदीपर्यंत गेलो.

तेवढ्यात मागच्या बाकावरून दीना,
जी हजेरीलाही मान हलवते फक्त :
शुक्रवारी पुत्र मेला,
तेव्हा बाकीचे दोघं काय करत होते?

समोरच्या गल्लीत कुणी सतारीची तार लावत होतं.
लागत नव्हती.

माझा भाऊ अमोस चौदा वर्षांचा होता.
मण्यार चावली, शेतात नाही, अंथरुणात.
बाबा मिशन हॉस्पिटलात वॉर्डबॉय.
व्हेंटिलेटर एकच, तो दुसऱ्या कुणाला लावलेला,
म्हणून बाबा रात्रभर रबरी फुगा दाबत होते
अमोसच्या तोंडावर धरून,
दाब, सोड, दाब, सोड.
नर्सबाई म्हणाल्या, द्या, मी करते.
बाबा देईनात.
मी दाराशी, अकरा वर्षांची, बघत होते
बाबांच्या पंजातून निघून
अमोसच्या छातीत जाणारं, परत येणारं ते,
जे दोघांचं होतं
आणि दोघांपैकी कुणीच नव्हतं.

पहाटे डॉक्टरांनी दिव्यानं डोळे पाहिले.
बाबा तरीही दाबत होते.
एकटेच होते.
क्रियापद अनेकवचनी.

हा दाखला नाही.
पाळकसाहेबांना सांगितला तर
यातही एखादं पाखंड निघेल,
आणि ते खरंच असेल.

दीना अजून माझ्याकडे बघत होती.
ती सहसा बघत नाही.
मी म्हटलं, जवळ होते.
काय करत होते, ते मला माहीत नाही,
पण जवळ होते.

मग घंटा झाली, कुणी वाजवली कोण जाणे.
नहेम्यानं वही ओढून घेतली,
लाल खूण बोटानं घासून पाहिली.
शाई ओलीच होती,
पानभर पसरली.